सभ्य जागेचं दुखणं

ज्ञानेश्वरच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं साखरपुड्याच्या दिवशी, सकाळी सहाला. घरात पाहुणे धरून एकवीस माणसं होती, त्यामुळे निदानंही एकवीस झाली. कोणी म्हणालं गॅस, कोणी म्हणालं नजर, तर कोणी म्हणालं की लग्न ठरलेल्या पोरांना असं होतंच. तो बिचारा गुडघे पोटाशी घेऊन गादीवर पडला होता आणि त्याला ओलांडून लोक साड्यांच्या पिशव्या दारात नेऊन ठेवत होते.

त्याचे वडील नवल देवरे, म्हणजे देवरे सर. राहायला जळगावात, नोकरी नशिराबादच्या एका हायस्कुलात, विषय विज्ञान. अठ्ठावीस वर्षांत सरांनी दहावीच्या एकाही वर्गाला मानवी प्रजननाचा पाठ शिकवला नव्हता. "हा भाग सोपा आहे, घरी वाचून घ्या," असं म्हणून ते फळ्याकडे तोंड फिरवत आणि पुढच्या पाठाचं नाव लिहायला घेत. बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासताना मात्र 'वृषणाचे कार्य लिहा' या प्रश्नाला ते चोख दोन गुण देत. लाल शाईने बरोबरची खूण करायला त्यांची ना नव्हती, तो शब्द तोंडातून काढायला होती. त्यामुळे गावात त्यांची ख्याती सभ्य माणूस अशी होती, आणि सभ्यतेचं असं आहे की एकदा चिकटली की सुटता सुटत नाही.

"नेमकं कुठे दुखतंय?" सरांनी मुलाला विचारलं.

ज्ञानेश्वरने पोटाच्या उजव्या बाजूला, पार खाली, जांघेच्या जरा वर हात ठेवला. सरांनी बायकोकडे, दिपमालाकडे पाहिलं. दिपमालाने सरांकडे पाहिलं. मग दोघांनीही घाईने नजर काढून घेतली. सरांना घड्याळ बघायचं आठवलं आणि दिपमालाला नारळ मोजायचे आठवले.

दोघांच्याही मनात आलं होतं ते एकच. ज्ञानेश्वर वर्षाचा असताना लस टोचायला नेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की याची उजव्या बाजूची गोळी खाली उतरलेली नाही, वर अडकून राहिली आहे. छोटं ऑपरेशन करून ती खाली आणून बसवून घ्या, नाहीतर पुढे तिला पीळ पडू शकतो. सरांनी मान डोलावली, तारीखही घेतली. पण त्या आठवड्यात मेव्हण्याचं लग्न निघालं. मग पाऊस लागला. मग घरातल्या मोठ्यांनी, म्हणजे सरांचे चुलते सुपडू आबा यांनी, निकाल दिला की असल्या गोष्टी आपोआप उतरतात, उगाच बोभाटा करू नये, उद्या पोरगी कोण देईल. वर्षाच्या पोराला पोरगी मिळण्याची चिंता करणारा माणूस द्रष्टाच म्हणायचा. पुढे ज्ञानेश्वर स्वतःची आंघोळ स्वतः करू लागला आणि घरापुरता तो विषय मिटला. नवरा-बायकोत त्याचा उल्लेख कधी झालाच तर 'ते' असा होई, आणि तोही दिवा मालवल्यावर.

आज मात्र 'ते' सकाळी सहाला उठून बसलं होतं.

"दवाखान्यात न्यायचं का?" दिपमालाने हळूच विचारलं.

सर उत्तर देणार तेवढ्यात सुपडू आबा काठी टेकत आत आले. आबांना कुठल्याही दुखण्याचं कारण रोग्याला बघायच्या आधीच माहीत असे.

"डाक्टर काय करी?" आबा म्हणाले. "बेंबी सरकनी शे त्यानी. काल किती भरीत खादं! बठ्ठा भरीतना खेळ शे."

आदल्या दिवशी आबांच्या मळ्यात भरताची पार्टी झाली होती, हे खरं. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर तेल, जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पण ते भरीत एकवीसही जणांनी खाल्लं होतं आणि वीस जणांच्या बेंब्या जागच्या जागी होत्या. विज्ञानाच्या शिक्षकाला एवढं तरी दिसायला हरकत नव्हती. सरांना ते दिसलंही, पण त्यांना हायसं वाटलं. बेंबी सभ्य होती. बेंबीबद्दल चारचौघांत बोलता येत होतं.

आबांच्या पत्नी बेबाबाई बेंबी बसवण्यात पंचक्रोशीत नावाजलेल्या. त्यांनी ज्ञानेश्वरला उताणा झोपवला, शर्ट चार बोटं वर सरकवला, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवला, पेटवला आणि वर पितळी तांब्या उपडा घातला. दिवा विझला, तांब्या पोटाला घट्ट चिकटला. सगळी बायाबापडी कौतुकाने बघत होती. पायजम्याच्या नाडीला कोणी बोट लावलं नाही. नाडीच्या वर उपचार आणि नाडीच्या खाली अब्रू, अशी त्या घरात हद्द ठरलेली होती.

"आते कसं वाटस रे भाऊ?" बेबाबाईंनी विचारलं.

"जरा बरं वाटतंय," ज्ञानेश्वर म्हणाला. वीस माणसं तोंडाकडे बघत असताना दुसरं काय म्हणणार? त्याच्या कपाळावर घाम होता. सरांनी तो पाहिला आणि मुलाच्या हातात रुमाल दिला. बापाचं कर्तव्य त्यांनी असं पार पाडलं.

साडेसातला दोन गाड्या साखरपुड्याच्या हॉलकडे, धुळ्याला निघाल्या. एरंडोल येईपर्यंत ज्ञानेश्वर गप्प होता. पुढे त्याने खिडकीबाहेर तोंड काढून ओकारी केली. आबांनी पुढच्या सीटवरून मागे न बघताच जाहीर केलं, "निंघनं भरीत! आते मोकळा व्हई गया."

मोकळा झालेला ज्ञानेश्वर सीटवर वाकडा होऊन कण्हायला लागला, तेव्हा मात्र सरांनी पारोळ्यात गाडी थांबवायला लावली. तिथे त्यांच्या हातून शिकून गेलेल्या एका विद्यार्थ्याचा दवाखाना होता. डॉक्टर अखिल, नशिराबादच्या किराणा दुकानदार फुलचंद शेठचा मुलगा. तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

अखिलने उभ्या रोग्यांची रांग बाजूला करून सरांना आत घेतलं, पाया पडला, चहा सांगितला. मास्तरांच्या मुलाला तपासायचं म्हणून त्याने आधी हातसुद्धा धुतले. पोट दाबलं, जीभ बघितली, ताप बघितला. उजवीकडे खाली हात लावल्यावर ज्ञानेश्वर ओरडला. अखिल थबकला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं, त्याने एकदा पायजम्याकडे पाहिलं आणि एकदा सरांकडे.

"सर, बाकी... म्हणजे... खालच्या बाजूला वगैरे काही त्रास?"

हीच ती वेळ होती. खोलीत तिघंच होते, दार लावलेलं होतं, विचारणारा डॉक्टर होता. एक वाक्य पुरलं असतं.

"नाही नाही," सर म्हणाले. वर्गात 'घरी वाचून घ्या' म्हणताना त्यांचा आवाज जसा लागे, अगदी तसाच आवाज लागला, आणि अखिलला तो आवाज ओळखीचा होता. त्या आवाजापुढे प्रश्न विचारायचा नसतो हे त्याला दहावीतच कळलं होतं. त्याने मान खाली घातली, दुखणं दबायचं इंजेक्शन दिलं आणि कार्यक्रम आटोपला की लगेच धुळ्यात मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं बजावून सांगितलं. गुरूचा मान राखला गेला. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि 'मोठा हो' असा आशीर्वादही दिला.

इंजेक्शनने दोन तास काम केलं. धुळ्याच्या हॉलवर पोचल्यावर ज्ञानेश्वर स्वतःच्या पायांनी उतरला, एवढंच नव्हे तर नवरीच्या वडिलांना, छगन नानांना, वाकून नमस्कारही केला. वाकल्यावर त्याला लगेच सरळ होता आलं नाही. नाना गहिवरले. इतका वेळ पायाशी राहणारा जावई हल्ली कुठे मिळतो?

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. अकराला दुखणं परत आलं, ते आधीपेक्षा जास्त. दिपमालाने नवऱ्याला खांबाआड नेलं.

"अहो, मला भीती वाटतेय. हे तेच असेल तर?"

"मुहूर्त चाळीस मिनिटांवर आहे," सर म्हणाले.

"पण डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं..."

"आत्ता दवाखान्यात नेलं तर सगळे मागे येतील. नाना येतील. तिथे कपडे काढून बघतील. आणि मग?" सरांनी आवाज आणखी खाली आणला. "चोवीस वर्षं झाकलं, आता चाळीस मिनिटांनी काय बिघडतंय?"

पीळ पडलेल्या गोष्टीचा रक्तपुरवठा तुटला की ती पाच-सहा तासांत मरायला लागते. सरांनी हे वाचलेलं होतं. ते हिशेब करू शकत होते, सकाळी सहापासून मोजलं तर मुदत बाराला संपत होती. त्यांनी हिशेब केला नाही, कारण केला असता तर निघावं लागलं असतं.

साखरपुडा थाटात झाला. टिळा झाला, ओटी भरली, अंगठ्या झाल्या. ज्ञानेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवरीकडच्या बायका म्हणाल्या, पोरगा गोरा आहे. "नवरदेव, जरा हसा!" फोटोग्राफर ओरडत होता. शेजारी बसलेल्या नवरीने, ऋतिकाने, एकदा, दोनदा त्याच्याकडे पाहिलं. ही ऋतिका साक्रीच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळायची. तिने त्याच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. त्याने मान डोलावली. तशी ती सगळ्यांसमोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो बास. यांना दवाखान्यात न्यायचंय."

"थांब ना पोरी, जेवणं व्हई जाऊ दे," आबा म्हणाले. "आमना टाईमले पोट दुखे तरी बी आम्ही वखर हाकूत."

"आबा, तुम्ही जेवून घ्या," ऋतिका म्हणाली आणि तिने स्वतःच्या भावाला गाडी काढायला सांगितलं.

दवाखान्यात पोचायला एक वाजला. तिथल्या तरुण डॉक्टराने पोट दाबलं, ओकाऱ्यांचं विचारलं आणि म्हणाला, "अपेंडिक्स दिसतंय." झालं! अख्ख्या वऱ्हाडाच्या जिवात जीव आला. अपेंडिक्स म्हणजे कसं, प्रतिष्ठित दुखणं. कोणालाही होतं, कोणालाही सांगता येतं, नातेवाईक नारळपाणी घेऊन भेटायला येतात. आबा मागच्या गाडीने येऊन पोचले होते. त्यांनी तिथूनच गावाकडे फोन लावला. "अपेंडिक्स शे, अपेंडिक्स! मोठा मोठा लोकेस्ले व्हस तो!"

सर भिंतीला टेकून उभे राहिले. अपेंडिक्स असेल तर बरंच, देवा, अपेंडिक्सच असू दे, असं ते मनात म्हणत होते. आपल्या मुलाचं आतडं सुजलेलं असावं अशी कोणी देवाकडे मागणी करत नाही. देवरे सर करत होते.

मग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर सारिका आल्या. उभ्या उभ्या कागद चाळत त्यांनी विचारलं, "याआधी कधी असं दुखलं होतं? आधी काही ऑपरेशन? जन्मापासून काही?"

खाटेभोवती सर, दिपमाला, आबा, छगन नाना आणि ऋतिका उभे होते. सरांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, अठ्ठावीस वर्षं तपासलेला, दोन गुणांचा. दिपमालाने पदराचं टोक दातात धरलं.

"तसं... काही विशेष नाही," सर म्हणाले.

"आहे," ऋतिका म्हणाली. "डॉक्टर, यांचं उजवं वृषण लहानपणापासून खाली उतरलेलं नाही. ते आधी बघा."

छगन नाना भिंतीवरची सूचना मन लावून वाचू लागले. ती लहान बाळांच्या लसीकरणाची होती. आबांची काठी हातातून पडली आणि ती उचलायला ते बराच वेळ वाकून राहिले. सरांचे कान तापले. एवढ्या माणसांत, स्वतःच्या बापासमोर, अंगावर साखरपुड्याचा शालू असताना या मुलीने तो शब्द उच्चारला, आणि छत कोसळलं नाही. डॉक्टरांनी तर साधी भुवईही उडवली नाही.

"हे सकाळपासून कोणाला सांगितलंत?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पडदा ओढला.

दोन मिनिटांत त्या बाहेर आल्या. जांघेत कठीण, हात लावू न देणारी गाठ होती आणि खालची उजवी बाजू रिकामी होती. सकाळपासून जी गोष्ट बघायला कोणीही दोन मिनिटं काढली नव्हती, ती दोन मिनिटांत दिसली. सोनोग्राफीत तिथे रक्त पोचत नसल्याचं कळलं. संमतीच्या कागदावर सगळं मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. त्याखाली सरांनी सही केली. सही नेहमीसारखी वळणदार आली नाही.

चारला डॉक्टर सारिका बाहेर आल्या. "तीन वेढे पडले होते. काळं झालं होतं, काढावं लागलं. डावं चांगलं आहे, त्याला पुढे असा पीळ पडू नये म्हणून टाके घालून पक्कं केलंय. संसाराला, मूलबाळ व्हायला काही अडचण येऊ नये."

"सकाळी आणलं असतं तर?" दिपमालाने विचारलं. ती इतका वेळ रडत होती आणि आता तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"आठ-नऊपर्यंत आणलं असतं तर प्रयत्न तरी केला असता. पण बाई, खरी वेळ होती ती हा वर्षाचा असताना."

बाहेरच्या बाकावर दोन्ही घरांची बैठक बसली. आबांनी ठराव मांडला, "झाई गयं ते गयं. लोकेस्ले अपेंडिक्सच सांगा." छगन नानांनी लगेच अनुमोदन दिलं. बस्ता कुठे बांधायचा, मानपान किती, हॉल कोणाचा, यांवर तीन महिने भांडणाऱ्या दोन घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं. नाना सरांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आमची पोर जरा जास्तच बोलते, मनावर घेऊ नका." तिच्या बोलण्यामुळे आज मुलगा नीट टेबलावर गेला, हे सरांनी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी तेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत बापलेक दोघंच होते. दिपमाला खाली डबा आणायला गेली होती. सर मुलाच्या उशाशी स्टुलावर बसून होते. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात एक वाक्य जुळवलं होतं आणि सकाळपासून ते बोलायला त्यांना मुहूर्त सापडत नव्हता.

ज्ञानेश्वरच आधी बोलला. "पप्पा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. चूक माझीच आहे."

"तुझी?"

"मला माहीत होतं ना. नववीत असताना पोरांसोबत विहिरीवर पोहायला गेलो, तेव्हा कळलं की बाकीच्यांचं असं नसतं. नंतर मोबाइलवर वाचलं. तुम्हाला सांगायचं म्हणून तीन-चारदा तुमच्याजवळ येऊन बसलोही होतो." तो जरा थांबला, टाके ओढत होते. "पण वाटलं, तुम्हाला उगाच धक्का बसेल. मम्मी रडेल. म्हणून नाही सांगितलं. ऋतिकाला सांगितलं, कारण तिला आयुष्य काढायचंय माझ्यासोबत. काल सकाळी पण कळत होतं मला. पण एवढे सगळे आले होते आणि तुम्ही किती खूश होता."

सरांना त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला. हात उचलला गेला नाही.

"ऋतिका म्हणायची, तुझ्या आईवडिलांना माहीतच असेल," ज्ञानेश्वर म्हणाला. "मी म्हटलं, छे. पप्पा सायन्सचे आहेत. त्यांना माहीत असतं तर त्यांनी मला लहानपणीच बरं केलं असतं."

असा सुटकेचा मार्ग मुलाने स्वतःच्या हाताने बापासमोर उघडून ठेवला होता. नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं, आणि गप्प बसण्यात देवरे सरांचा हात कोणी धरला नसता. जन्मभर मुलगा त्यांना निर्दोष समजत राहिला असता. सरांना तो मोह झाला. मग त्यांना स्वतःची किळस आली.

"माहीत होतं," ते म्हणाले.

ज्ञानेश्वरने त्यांच्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीखपण घेतली होती. तू वर्षाचा होतास. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही गेलो नाही. काल सकाळी सहालासुद्धा मला कळलं होतं, ज्ञानू. पारोळ्यात अखिलने विचारलं तेव्हाही. हॉलमध्येही." रात्रभर जुळवलेलं वाक्य हे नव्हतं, त्यात 'परिस्थिती' असा एक शब्द होता, तो आता कुठेच बसला नाही. "तू मला जपत होतास आणि मी माझी अब्रू जपत होतो."

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. ज्ञानेश्वरने भिंतीकडे कूस वळवायला घेतली. टाक्यांमुळे ते त्याला जमेना. तो कोपरावर भार देऊन इंचाइंचाने वळत होता आणि दात ओठांत रुतवत होता. सर पटकन उठले आणि आधार द्यायला त्यांनी त्याच्या पाठीखाली हात घातला.

"राहू द्या, पप्पा," ज्ञानेश्वर म्हणाला. सरांनी हात काढून घेतला आणि तो एकटाच वळत राहिला.